दम हाय का?

माझ्या छातीवर डाव्या बाजूला, बनियनच्या आत, टपालाच्या तिकिटाहून जराशी मोठी एक पट्टी चिकटवलेली असते. रोज सकाळी सात वाजता ती विचारते, श्वास कसा आहे. मी सांगतो, बरा आहे. त्यापुढे एक अक्षर बोलत नाही. पट्टीशी मोजकं बोलावं हे मी बावीस वर्षांपूर्वी शिकलो, आणि ते शिकताना अकरा वर्षांच्या एका मुलीचे बेचाळीस सेकंद गेले.

मी मगदूम. इचलकरंजीच्या एका शाळेत तेहतीस वर्षं पी.टी.चा मास्तर होतो. माझं लहानपण यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं. वडील मागावर, आई कांड्या भरायला, आणि घरभर सुताचे तंतू. सकाळी उठलं की भुवयांवर पांढरी लव बसलेली असायची, ती पुसून आम्ही शाळेला पळायचो. आता हवेवर चालणारे नवे माग आलेत. खडखडाट गेला आणि गाव इतकं गप्प झालं की मला अजून दुपारची झोप नीट लागत नाही. तंतू मात्र कुठं गेले नाहीत, ते नुसते दिसेनासे झाले.

शाळेत लागलो तेव्हा माझ्यापाशी शिकवण्यासारखी एकच खरी गोष्ट होती, ती बाबू वस्तादांनी दिलेली. वस्ताद आम्हाला हुतूतू शिकवायचे. सराव संपत आला, पाय लटपटायला लागले, की ते कमरेवर हात ठेवून विचारायचे, "दम हाय का?" आणि आम्ही सगळे छाती फुगवून ओरडायचो, "दम हाय!" नसलेला दम मग कुठून तरी यायचाच. ती आरोळी मी जशीच्या तशी माझ्या मैदानावर आणली. माझ्या हाताखालून गेलेली सगळी पोरं ती ओरडली. त्यातली काही आता आजोबा झालीत.

सगळी म्हणालो, ते खोटं आहे. कट्ट्यावरची पोरं कधीच ओरडली नाहीत.

मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली सिमेंटचा कट्टा होता. डॉक्टरची चिठ्ठी आणलेल्या पोरांची ती जागा. कुणाला दमा, कुणाचं वजन फार, बऱ्याच जणांना दोन्ही. पळालं की धाप लागते म्हणून पळायचं नाही, पळायचं नाही म्हणून वजन वाढायचं, वजन वाढलं की जिना चढतानाही धाप. मी चिठ्ठी बघायचो, खिशात घालायचो आणि कट्ट्याकडं बोट दाखवायचो. माझ्या मते मी त्यांची काळजीच घेत होतो. २०३८ साली त्या कट्ट्यावर अडतीस पोरं बसत होती. त्यांच्यात सगळ्यांत जुनी होती सहावीतली ओजस्वी हावळ, सगळ्यांची ओजू. दुसरीपासून तिची जागा ठरलेली होती, झाडाच्या बुंध्याला टेकून.

त्या जूनमध्ये पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून डॉ. मैत्रेय देवस्थळी आले. वय तिशीचं, आणि बोलणं इतकं शुद्ध की आमचा शिपाई त्यांना पाठीमागं 'बातम्या' म्हणायचा. त्यांनी मला त्याच कट्ट्यावर बसवून पाचवीच्या पोराला समजवावं तसं समजावलं. दमा असलेल्या मुलाची श्वासनळी आतून सुजलेली आणि चिडकी असते. जोरात पळताना मूल तोंडानं भराभर हवा ओढतं, त्या कोरड्या हवेनं नळी आतून सुकते आणि आवळते. बरं, ती पळताना कमी आवळते, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी जास्त. त्यात पोटावर आणि छातीवर चरबी असली तर फुफ्फुसाला फुगायला जागा पुरत नाही, आणि ती चरबी अंगातली सूजही धुमसत ठेवते. पण यावर बसवून ठेवणं हा उपाय नव्हे. रोजचं औषध न चुकवता, आधी अंग हळूहळू गरम करून, पळता पळता बोलता येईल इतक्याच वेगानं रोज पळवलं, तर काही महिन्यांत त्याच मुलाला धाप कमी लागते. अडचण एवढीच की कुणाला किती झेपेल हे आधी कळायचं नाही.

ते ही पट्टी सांगणार होती. छातीतल्या आवाजावरून नळी किती मोकळी आहे ते ती ओळखायची, पुढच्या दहा-बारा मिनिटांचा अंदाज बांधायची आणि प्रत्येकाची त्या दिवसाची मर्यादा ठरवायची. हिरवा दिवा म्हणजे पळ, पिवळा म्हणजे चाल, लाल म्हणजे बस. छाती नीट ऐकायला तिला दोन-तीन मिनिटांची शांतता लागे, आणि मैदानावर शांतता कुठली? म्हणून ती मुलांचं बोलणंही ऐकायची. मूल स्वतःच्या तोंडानं 'धाप लागली' किंवा 'छाती भरली' म्हणालं की ती तत्काळ सावध व्हायची आणि दुसऱ्या दिवशीची मर्यादा एक पायरी खाली आणायची. वर चढवताना मात्र आठवडाभर खात्री करून घ्यायची. आईचं मन घालून बनवली आहे, असं देवस्थळी म्हणाले.

पहिल्याच दिवशी पट्टी फसली. आमच्या भागात बायका-मुली 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, हे पुण्याला कुठून माहीत असणार. ओजू म्हणाली, मी पळतो. पट्टी खूश होऊन म्हणाली, शाब्बास, छान पळालास. अडतीस पोरं हसून लोळली. देवस्थळींनी टिपून घेतलं आणि आठवड्याभरात पट्टीला आमची बोली शिकवली. पोरांनीही एक शोध लावला. पट्टीवर तळहात दाबून धरला की हळू बोललेलं तिला ऐकू येत नाही. शिव्या द्यायला आणि माझी नक्कल करायला त्याचा फार उपयोग झाला.

ओजूची आई, प्रियांका, कापड तपासणीच्या खात्यात कामाला होती. संमतीची सही करायला आली तेव्हा पेन हातात धरून बराच वेळ उभी राहिली. ओजू सहा वर्षांची असताना तिचे ओठ निळे पडले होते. तिला स्कूटरवर पुढं उभं करून ही एका हातानं गाडी चालवत दवाखान्यात पोचली होती, दुसरा हात पोरीच्या छातीवर. छाती हलते की नाही ते बघत. शेवटी तिनं सही केली आणि मला बजावलं, "सर, तुम्ही काय बी म्हणा, पट्टी बस म्हणाली की माझी पोरगी बसणार. तिथं तुमचं चालायचं न्हाई."

मी कबूल केलं.

ते चार-पाच महिने माझ्या नोकरीतले सगळ्यांत सुखाचे. मी मैदानावर फक्की मारणं बंद केलं, कारण ती पांढरी भुकटी पोरांच्या नाकात जायची. त्याऐवजी सुतळी ताणून रेषा आखायला लागलो. आधी नुसतं चालणं, मग चालत चालत साखळीचा खेळ, मग दोन मिनिटं पळणं. दोनाची चार झाली, चाराची सात. पोरं पळता पळता एकमेकांच्या खोड्या सांगायची, कारण बोलता आलं पाहिजे हाच नियम होता. पी.टी.च्या तासाला इतकी बडबड मी कधी खपवून घेतली नव्हती. ओजू तर पळताना आख्खा सिनेमा सांगायची. सिनेमा अर्धा राहिला की थांबायला तयार नसायची.

आरोळी मात्र मी लगेच दिली नाही. ती कमवावी लागते, असं वस्ताद म्हणायचे. दहा मिनिटं न थांबता पळेल त्यालाच आरोळी, असं मी ठरवलं. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात ओजू अकरा मिनिटं पळाली. मी कमरेवर हात ठेवून विचारलं. तिनं जी आरोळी ठोकली ती शेजारच्या गिरणीच्या भिंतीवर आपटून परत आली. इतकी सराईत कशी, असं मी विचारलं, तर म्हणाली, "चार वर्षं मी मनातल्या मनात ओरडत हुतो, सर."

मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. चार वर्षं मी त्या पोरीकडं बोट दाखवत होतो.

आता पोरं आरोळीसाठी पळायला लागली. पंधरवड्यात वीसेक जणांनी ती कमावली आणि रोज संध्याकाळी माझं मैदान पुन्हा वस्तादांचं मैदान व्हायला लागलं. आणि नेमकं तेव्हाच उलटं चक्र सुरू झालं. अकरा मिनिटं पळणाऱ्या ओजूला पट्टी सहाव्या मिनिटाला थांबवायला लागली. मग तिसऱ्या. मग पिवळा दिवा, नुसतं चाल. नोव्हेंबर संपता संपता ती पुन्हा कडुनिंबाला टेकून कट्ट्यावर बसलेली होती, छातीवर लाल दिवा घेऊन. तिच्यामागून एकेक करत आणखी बरीच आली.

जानेवारीत संस्था आढावा घेणार होती. ज्याचा दिवा लालच राहील त्याची रवानगी बैठ्या तुकडीत, म्हणजे वर्गात पडद्यासमोर बसून श्वासाचे व्यायाम. एकदा तिथं गेलेलं मूल मैदानावर परत येत नाही, हे मला माहीत होतं आणि ओजूलाही. ती तक्रार करत नव्हती, कट्ट्यावरूनही आरोळी चुकवत नव्हती. बरं वाटतंय, छाती मोकळी आहे, एवढंच पुन्हा पुन्हा सांगायची. दवाखान्यात तपासलं तर तिथंही तेच निघालं. मी देवस्थळींना फोनवर वाटेल ते बोललो. ते शांतपणे म्हणाले की यंत्र ठीक आहे, मुलंच रोज संध्याकाळी धाप लागल्याचं सांगताहेत.

कोडं सोडवलं ते रिदा मुजावरनं, तेही न बोलता. रिदा बोलताना अडखळायची. आरोळी कमावली तरी ती नुसती मूठ वर करायची. आणि ती कमावलेल्या वीसेक जणांत एकट्या रिदाचा दिवा हिरवा होता, मर्यादा चढत चढत तेरा मिनिटांवर गेलेली. मी तिच्याकडं बघत बसलो आणि एकदम लक्षात आलं की ओरडत नाही ती एकटीच. देवस्थळींना फोन लावून विचारलं, पट्टीला कुठले शब्द शिकवलेत ते वाचून दाखवा. त्यांनी यादी वाचली. धाप, गुदमरणं, छाती भरणं, आणि चौथा शब्द, दम. 'दम आहे' म्हणजे श्वासाचा त्रास आहे.

त्यात चूक तरी काय होती? आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतातच, त्याला दम हाय, थंडी सोसत न्हाई. ज्याच्यात जोर आहे त्याला दम आहे, आणि ज्याला श्वास पुरत नाही त्यालाही दमच आहे. इतकी वर्षं मी हा शब्द ओरडून घेतला आणि त्याला दोन तोंडं आहेत हे मला एका पट्टीनं दाखवलं. ओजू सगळ्यांत जोरात ओरडत होती, म्हणून ती सगळ्यांत आधी बसली.

देवस्थळी म्हणाले, आरोळी बंद करा, दोन आठवड्यांत सगळं पूर्ववत होईल. मी म्हणालो, नाही, तुम्ही शब्द काढा. ते जरा घुटमळले. मग म्हणाले, बाकीचे तीन शब्द आहेतच, तुमच्या शाळेपुरता काढून बघतो. मी ओजूच्या आईला विचारलं नाही. खरं सांगायचं तर कुणालाच विचारलं नाही. मैदान माझं, शब्द माझ्या वस्तादांचा, असं माझ्या डोक्यात होतं.

शब्द काढला. डिसेंबरच्या मध्याला ओजूचा दिवा हिरवा झाला आणि ती पुन्हा सिनेमे सांगत पळायला लागली.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. कोरडी, बोचरी थंडी पडली होती. ओजू चौदा मिनिटं पळाली. आरोळी झाली, पोरं दप्तरं भरत हसत-खिदळत होती. मी पाठमोरा उभा राहून सुतळी गुंडाळत होतो. मागून ओजूचा आवाज आला, "सर, दम..."

मी वळलोसुद्धा नाही. सवयीनं, अगदी खुशीत म्हणालो, "हाय!"

पोरी हसल्या. मी सुतळीचे आणखी काही वेढे घातले. मग लक्षात आलं की ओजूची आरोळी आलीच नाही, आणि ओजू आरोळी चुकवणारी नव्हती. मी वळलो. ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. खांदे कानांपर्यंत वर, गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत खेचली जात होती. डोळे माझ्यावर. छातीवरचा दिवा हिरवा.

मी तिला ताठ बसवलं, तिच्या दप्तरातला दम्याच्या औषधाचा निळा पंप प्लास्टिकच्या नळीला लावला आणि एकेक फवारा द्यायला लागलो. देवस्थळींनी जूनमध्ये दहादा सराव करून घेतला होता, तो कामी आला. शिपायानं रुग्णवाहिका बोलावली. चौथ्या-पाचव्या फवाऱ्याला तिच्या छातीत हवा शिरल्याचं मला दिसलं. आता सगळे गप्प होते, म्हणून पट्टीला छाती ऐकू आली आणि दिवा लाल झाला.

दोन दिवसांनी ओजू घरी आली. देवस्थळी पुण्याहून नोंदी घेऊन आले. तिच्या तोंडून शब्द निघाल्यापासून माझ्या हातून पहिला फवारा मिळेपर्यंत बेचाळीस सेकंद गेले होते. शब्द यादीत असता तर पट्टी त्याच क्षणी सावध झाली असती. ते म्हणाले, चूक आमची, शब्द काढायला नको होता. मी म्हणालो, काढायला कुणी लावला?

मी ओजूच्या घरी गेलो आणि तिच्या आईला सगळं सांगितलं. आरोळी, यादी, माझा हट्ट. काही झाकलं नाही. ती उभ्या उभ्या कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटची घडी तिनं ढिगावर ठेवली.

"यंत्रानं ऐकलं न्हाई, ते मी समजून घेतो," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलं न्हाई, सर."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मला एवढं लागलेलं दुसरं वाक्य नाही. मी मान खाली घालून निघालो. दारात ओजूनं माझी बाही धरली. नवी पट्टी लावलेली होती, तिच्यावर तिनं एक तळहात दाबून धरला आणि हळूच म्हणाली, "सर, त्यो शब्द तिला देऊन टाका. आपण दुसरं काय तर करूया. पण मला कट्ट्यावर बसवू नका."

शब्द यादीत परत गेला. आरोळी मी त्या दिवसापासून बंद केली. आईची परवानगी मिळायला तीन आठवडे लागले. ती रोज मैदानाच्या फाटकाशी उभी राहायची, आणि मी तिला कधी 'बसा' म्हणालो नाही. सरावाच्या शेवटी मी कमरेवर हात ठेवायचो आणि पोरं दोन टाळ्या वाजवायची, बस. जानेवारीच्या अखेरीला ओजू वीस मिनिटं पळाली, हिरव्या दिव्यावर. तिनं दोन टाळ्या वाजवल्या. मी कितीतरी वाजवल्या. आरोळी माझ्या घशापर्यंत आली होती, ती मी गिळली. फाटकाशी तिची आई पदरानं डोळे पुसत होती.

त्यानंतर कालपर्यंत त्या मैदानावर तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. आताची पोरं दोन टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या कुठून आल्या हे त्यांना ठाऊक नाही.

ओजू आता तेहतीस वर्षांची आहे आणि माझ्याच जागेवर पी.टी.ची बाई आहे. दमा गेलेला नाही. निळा पंप तिच्या खिशात असतो आणि गळ्यात माझी जुनी शिट्टी. कट्टा अजून आहे, पण तिथं एकही पोर बसत नाही. आम्ही म्हातारे बसतो. माझ्या छातीत लहानपणीचे सुताचे तंतू आहेत असं डॉक्टर म्हणतात. इतकी वर्षं पुसून टाकली ती नुसती भुवयांवरची लव होती. ओजू मला फार वेळ बसू देत नाही. रोज संध्याकाळी चार फेऱ्या, बोलत बोलत. मी तिला वस्तादांच्या गोष्टी सांगतो. ऐकलेल्याच असतात, तरी ती थांबवत नाही.

काल तिसऱ्या फेरीनंतर मी थांबलो. कडुनिंबाला हात टेकून उभा राहिलो. पट्टी पिवळी झाली होती आणि चौथी फेरी आता जमेलसं वाटत नव्हतं. कट्टा चार पावलांवर होता, मी त्याच्याकडं बघितलं. ओजूनंही बघितलं. मग ती जवळ आली, माझ्या सदऱ्यावरून तिनं पट्टीवर तळहात ठेवला, घट्ट दाबला, आणि बावीस वर्षांनी, माझ्या कानाशी, अगदी हळू विचारलं,

"दम हाय का, सर?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उत्तर द्यायला श्वास गोळा करावा लागला.

"दोन्ही हायत," मी म्हणालो.

ती हसली. पट्टीवरचा हात तिनं काढला नाही. तसंच, सावकाश, आम्ही चौथ्या फेरीला निघालो.